गस्त आणि कोठी

रोगप्रतिकारशक्तीला युरोपीय भाषांत जो ‘इम्युनिटी’ हा शब्द रूढ आहे, त्याचे मूळ वैद्यकात नसून महसुलाच्या दप्तरात आहे. प्राचीन रोममध्ये ज्या मनुष्याला अथवा ज्या नगराला सरकारी करांतून आणि सक्तीच्या सेवेतून सूट मिळे, त्याच्या त्या सवलतीला ‘इम्युनितास’ म्हणत. सारामाफीची सनद मिळालेल्या आपल्याकडील इनामदाराची जी स्थिती, तीच त्याची समजावी. एकदा देवी येऊन गेलेल्या मनुष्याच्या वाटेला ती पुन्हा जात नाही, या अनुभवाचा शास्त्रीय अर्थ लावण्याची वेळ आली तेव्हा रोगाच्या वसुलीतून मिळालेल्या या माफीलाही तोच शब्द लागू करण्यात आला. आजच्या चिनी भाषेतील ‘मिआनयी’ हा पारिभाषिक शब्दही याच घडणीचा आहे : ‘मिआन’ म्हणजे माफी आणि ‘यी’ म्हणजे साथ. परंतु हा शब्द अर्वाचीन होय. चीनच्या प्राचीन वैद्यांनी शरीराच्या रक्षणाविषयी जी कल्पना केली होती, तीत माफीच्या सनदेला जागा नव्हती. तीत होता पहारा, अहोरात्र चालणारा, पोटाला अन्न मिळाले तरच उभा राहणारा, आणि त्याची हयगय झाली की शत्रूला वाट मोकळी करून देणारा.

हा पहारा ज्या ग्रंथात सविस्तर वर्णिलेला आढळतो, तो ‘हुआंगदी नेइजिंग’ म्हणजे पीत सम्राटाचा अंतर्ग्रंथ. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या एकदोन शतकांत त्याचे संकलन झाले असावे, असे बहुतेक विद्वान मानतात. पुराणपुरुष म्हणून पूज्य असलेला पीत सम्राट प्रश्न विचारतो आणि त्याचा वैद्य-अमात्य ची बो उत्तरे देतो, अशी त्याची रचना असल्यामुळे आपल्याकडील संवादरूप संहितांचा परिचय असलेल्या वाचकाला तो परका वाटत नाही. शरीरात संचार करणाऱ्या ज्या सूक्ष्म शक्तीला चिनी लोक ‘ची’ म्हणतात, आणि जिला आपल्या भाषेत प्राण म्हटले तर अर्थ पुष्कळसा जवळ येतो पण पुरता येत नाही, तिचे दोन प्रकार या ग्रंथात वारंवार भेटतात. नाड्यांच्या आतून वाहत जाऊन अवयवांचे पोषण करणारी ती ‘यिंग’, आणि नाड्यांच्या बाहेरून, त्वचा व मांस यांच्या सांदीसांदीतून फिरत अंगाला ऊब देणारी, घामाची छिद्रे उघडणारी आणि मिटणारी ती ‘वेइ’. हे दोन्ही शब्द लष्करी आहेत ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ‘यिंग’ म्हणजे छावणी. ‘वेइ’ म्हणजे राखण, पहारा. ग्रंथकार सांगतो की वेइ दिवसा शरीराच्या बाह्य प्रदेशात २५ फेऱ्या घालते, रात्री अंतर्भागातील अवयवांत २५ फेऱ्या घालते, आणि ती आत वळली म्हणजे मनुष्याचे डोळे मिटतात. ज्याच्या शरीरात तिला आत जाण्याची वाट सापडत नाही, त्याला निद्रानाश जडतो.

या वर्णनाला आजच्या शरीरशास्त्राचा नकाशा जोडून, वेइ म्हणजेच रक्तातील पांढऱ्या पेशी, असे समीकरण मांडण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो अनुचित वाटतो. ज्यांनी सूक्ष्मदर्शक पाहिला नव्हता त्यांच्या पदरी पेशींचे ज्ञान बांधल्याने त्यांचा गौरव होत नाही, आणि त्यांनी जे खरोखर पाहिले होते ते मात्र झाकले जाते. एकाच घरात, एकाच थंडीवाऱ्यात राहणाऱ्या आणि एकाच चुलीवरचे अन्न खाणाऱ्या पाच माणसांपैकी दोघे आजारी पडतात आणि तिघे पडत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. आणि त्यावरून त्यांनी असा निर्णय केला होता की बाहेरून येणारी ‘शिए’ म्हणजे दुष्ट बाधा एकटी रोग निर्माण करू शकत नाही, तिला आतील ‘झेंग’ म्हणजे शरीराच्या स्वाभाविक सत्त्वाच्या दुर्बलतेची साथ लागते. आयुर्वेदातील ‘व्याधिक्षमत्व’ ही कल्पनाही, सर्व शरीरे रोगाचा आघात सारख्याच रीतीने सोसू शकत नाहीत, याच निरीक्षणातून उगवलेली आहे. निद्रा आणि गस्त यांचा त्यांनी लावलेला संबंध अगदीच हवेत नव्हता, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगावरून दिसते. पिट्सबर्ग येथील संशोधकांनी १५३ निरोगी माणसांच्या झोपेची दोन आठवडे रोजच्या रोज नोंद ठेवून मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले, तेव्हा ७ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचा संभव ८ तास किंवा अधिक झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाला.

पहाऱ्याला मदत कशी करावी, हा प्रश्न ज्याच्यापुढे सर्वांत निष्ठुर रूपाने उभा राहिला, तो वैद्य म्हणजे झांग झोंगजिंग. इ. स. १५० ते २१९ हा त्याचा काळ धरतात. हान साम्राज्य मोडकळीस आले होते आणि बंडे, दुष्काळ व साथी यांचा मुलुखात अंमल चालू होता. आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो लिहितो की त्याच्या कुळात पूर्वी दोनशेवर माणसे होती, १९६ नंतरच्या दहा वर्षांच्या आत त्यांपैकी दोनतृतीयांश मरण पावली आणि मेलेल्यांत दहांतील सात ‘शांगहान’ म्हणजे थंडीच्या बाधेने येणाऱ्या ज्वराने गेली. ज्या मनुष्याने घरातील इतकी प्रेते पाहिली, त्याच्या ग्रंथात काही भडक, अघोरी, रोगाशी हातघाईवर येणारे उपाय असतील अशी आपली अपेक्षा होते. त्याचा पहिला काढा मात्र पाच साध्या द्रव्यांचा आहे : दालचिनीच्या जातीच्या झाडाच्या कोवळ्या फांद्या, पिओनी नावाच्या फुलझाडाची मुळी, ज्येष्ठमध, आले आणि बोराच्या जातीची लाल सुकी फळे. काढ्याहूनही मला महत्त्वाची वाटते ती त्यापुढची सूचना. औषध घेतल्यावर थोड्या वेळाने रोग्याने गरम, पातळ भाताची पेज प्यावी, म्हणजे औषधाला बळ मिळेल. अंगावर उबदार पांघरूण घालून स्वस्थ पडावे. सर्वांगाला हलकासा दमट घाम सुटला म्हणजे पुरे, पाण्यासारखा घाम वाहू देऊ नये. कच्चे व थंड पदार्थ, बुळबुळीत पदार्थ, मांस, मद्य आणि दुधाचे आंबवलेले पदार्थ वर्ज्य करावेत. आणि एकाच मात्रेने घाम येऊन उतार पडला, तर उरलेला काढा घेऊच नये.

कोकणातल्या कोणत्याही घरात तापकऱ्याला उकड्या तांदळाची पेज देताना आजी ज्या समजुतीने वागते, तीच समजूत अठराशे वर्षांपूर्वीच्या या चिनी वैद्याच्या सूचनेत आहे, आणि ती केवळ घरगुती माया नव्हे. काढ्याने दार किंचित उघडायचे, पेजेने पहारेकऱ्याला रसद पुरवायची, पांघरुणाने त्याची ऊब राखायची आणि मग वैद्याने बाजूला व्हायचे, अशी ती व्यवस्था आहे. रोग बरा करणारे शरीरच आहे हे ज्याने मनोमन स्वीकारले आहे, त्यालाच उरलेले औषध फेकून द्या असे सांगण्याचे धैर्य होते.

या विचाराला त्याचा पूर्ण अर्थ आला तो मात्र आणखी हजार वर्षांनी, काइफेंग शहराच्या वेढ्यात. १२३२ साली मंगोल फौजांनी जिन राज्याच्या या राजधानीला वेढा घातला. हल्ल्याचा जोर सुमारे पंधरवडा टिकला आणि वेढा उठला. पण शहराची सुटका झाली नाही. त्या वेळी शहरात असलेला ली गाओ (११८० ते १२५१) हा वैद्य सांगतो की वेढा उठल्यानंतर आजारी पडला नाही असा मनुष्य दहा हजारांत एखाददुसराच उरला. शहराला बारा दरवाजे होते आणि प्रत्येक दरवाजातून रोज हजार ते दोन हजार प्रेते बाहेर जात होती, आणि हे जवळजवळ तीन महिने चालले होते. इतिहासकार या आकड्यांविषयी हात राखून बोलतात, आणि ते योग्यच आहे. तथापि त्या शहरात प्रचंड मनुष्यसंहार झाला याविषयी शंका नाही. शहरातील वैद्य या तापाला बाहेरून आलेली थंडीची बाधा समजत होते आणि झांग झोंगजिंगच्या ग्रंथातील तीव्र स्वेदन व रेचन देत होते. ली गाओला यात भयंकर चूक दिसली. ही माणसे महिनोगणती अर्धपोटी होती, भीतीने आणि श्रमाने झिजली होती, थंडीवाऱ्यात तटावर उभी राहिली होती, आणि वेढा उठल्याबरोबर मिळेल ते अन्न त्यांनी अधाशासारखे पोटात भरले होते. त्यांचा ताप बाहेरून आलेल्या शत्रूचा नव्हता, आतली कोठी रिकामी झाल्याचा होता, आणि अशा मनुष्याला रेचक देणे म्हणजे उपाशी शिबंदीच्या हातातला शेवटचा घास काढून घेणे होते.

कोठी हा शब्द मी येथे अलंकारासाठी वापरलेला नाही. नेइजिंगमध्ये शरीरातील अवयवांना राज्यकारभारातील पदे दिलेली आहेत : हृदय हा राजा, फुप्फुस हा मंत्री, यकृत हा सेनापती, आणि ‘पी’ व ‘वेइ’, म्हणजे प्लीहा आणि जठर, हे धान्यकोठाराचे अधिकारी. (जठराचा हा ‘वेइ’ पहाऱ्याच्या ‘वेइ’हून निराळा आहे, चिनी लिपीत ती दोन वेगळी अक्षरे आहेत. तसेच त्यांची प्लीहा म्हणजे शवविच्छेदनात दिसणारा पाणथरीचा गोळा नव्हे, ती सगळी पचनक्रियाच समजावी.) पन्हाळ्यावरचा अंबारखाना ज्याने पाहिला आहे, दगडी भिंतींच्या आत धान्यासाठी बांधलेल्या त्या प्रचंड काळोख्या दालनांत जो उभा राहिला आहे, त्याला हे पद किती मोठे आहे ते सांगावे लागणार नाही, तट कितीही उंच असला तरी गड अखेर कोठीवर टिकतो. ली गाओने आपले पुढील सारे आयुष्य या एका गोष्टीच्या प्रतिपादनासाठी वेचले. १२४७ मध्ये त्याने आंतरिक क्षीणता आणि बाह्य बाधा यांतील भेद कसा ओळखावा यावर ग्रंथ लिहिला, १२४९ मध्ये ‘पीवेइ लुन’ म्हणजे पचनसंस्थेवरील विवेचन सिद्ध केले, आणि हुआंगची नावाची मुळी, जिनसेंग, ज्येष्ठमध, संत्र्याची वाळवलेली साल इत्यादी आठ द्रव्यांचा, मध्यभाग सावरून ‘ची’ वाढवणारा जो काढा त्याने योजला तो आजही चिनी औषधालयांत रोज विकला जातो.

आजचा वैद्यकशास्त्रज्ञ काइफेंगविषयी म्हणेल की तेथे एखादी संसर्गजन्य साथ असलीच पाहिजे, आणि मलाही तसेच वाटते. ली गाओच्या हाती जंतूचा पत्ता नव्हता. पण उपासमारीने क्षीण झालेल्या लोकसमूहात साथ वणव्यासारखी पसरते आणि एरवी जगली असती अशी माणसे मारते, हे आज दुष्काळग्रस्त मुलांच्या गोवराच्या अनुभवावरून सर्वांना मान्य आहे, आणि शरीराच्या संरक्षक पेशींचा फार मोठा भाग आतड्याच्या भिंतीत वस्तीला असतो हेही ठाऊक झाले आहे. भुकेलेल्या शरीराला आधी अन्न आणि विसावा, मग औषध, हा ली गाओचा क्रम कोणत्याही प्रयोगशाळेने खोटा ठरवलेला नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे, कारण तो आज बाजारात फार जोराने विकला जातो. प्रतिकारशक्ती ही जितकी वाढवावी तितकी चांगली, असे जाहिराती सांगतात. चिनी वैद्यकाने असे कधीही म्हटलेले नाही. पौष्टिक औषधे केव्हा देऊ नयेत याविषयी त्या परंपरेत एक म्हण आहे, तिचा आशय असा की घरात दरोडेखोर शिरलेला असताना दार लावून घेऊ नये. ताप चढलेला आहे, बाधा अजून आत आहे, अशा वेळी जिनसेंगासारखे बल्य औषध दिले तर चोर आतच कोंडला जातो. वारंवार सर्दी होणाऱ्या, जरा हालचाल केली की घामाघूम होणाऱ्या माणसासाठी हुआंगची, बाइझू आणि फांगफेंग या तीन मुळ्यांचे एक प्रसिद्ध चूर्ण आहे. त्याचे नाव ‘यूपिंगफेंग’, म्हणजे वारा अडवणारा जेड रत्नाचा पडदा. वेइ-गस्त बळकट करणारे औषध म्हणून ते शतकानुशतके दिले जाते. पण ते सर्दी नसताना घ्यायचे असते, सर्दी भरात असताना नव्हे. उलट ‘लेइगोंगतेंग’, म्हणजे मेघगर्जनेच्या देवाची वेल, ही वनस्पती प्रतिकारशक्ती दाबून टाकते, आणि ज्या संधिवातात शरीराचे पहारेकरी आपल्याच रयतेवर तुटून पडतात त्या संधिवातावर तिचा उपयोग होतो, असे चीनमध्ये आणि अमेरिकेतही रीतसर घेतलेल्या चाचण्यांत दिसून आले आहे. मात्र ती विषारी असून पुरुषाच्या प्रजननशक्तीला अपाय करते, म्हणून तज्ज्ञाच्या देखरेखीवाचून तिला हात लावणे धोक्याचे आहे. हुआंगची ही वाटाण्याच्या कुळातील वनस्पती, आणि तिच्यातील शर्करायुक्त घटक काचपात्रातील संरक्षक पेशींना उत्तेजित करतात हे अनेक प्रयोगांत आढळले आहे. काचपात्र म्हणजे मनुष्य नव्हे. मोठ्या आणि निर्दोष मानवी चाचण्यांचा आधार अद्याप तोकडा आहे, आणि तो मिळेपर्यंत या मुळीविषयी आशा बाळगावी, ग्वाही देऊ नये.

परंतु एका प्रकरणात चिनी वैद्यांनी प्रतिकारशक्तीला केवळ रसद पुरवली नाही, तिला शिक्षण दिले, आणि या लेखाच्या विषयात यापेक्षा मोठी गोष्ट मला दिसत नाही. देवी टोचण्याची कला चीनमध्ये सोळाव्या शतकात निश्चितपणे चालू होती. १५६७ ते १५७२ या लोंगचिंग सम्राटाच्या कारकिर्दीत आजच्या आन्हुई प्रांतातील एका जिल्ह्यातून ती पसरली असे नंतरचा एक ग्रंथकार नमूद करतो. त्यांची उपपत्ती सर्वस्वी चुकीची होती. प्रत्येक मूल आईबापांकडून ‘ताइदू’ म्हणजे गर्भविष घेऊन जन्मते, ते आयुष्यात एकदा देवीच्या रूपाने बाहेर पडणारच, तेव्हा ते आपल्या सोयीच्या ऋतूत, मूल सशक्त असताना, हळूच बाहेर काढावे, असा त्यांचा तर्क होता. तर्क चुकला, निरीक्षण अचूक होते. सौम्य देवी आलेल्या मुलाच्या खपल्या गोळा करून त्यांचे बीज करीत. १७४१ मधील एका ग्रंथात सांगितले आहे की या खपल्या कागदात गुंडाळून लहानशा बाटलीत घट्ट बूच लावून ठेवाव्यात, त्यांना ऊन किंवा विस्तवाची आच लागू देऊ नये, बाटली अंगाबरोबर बाळगावी, म्हणजे खपल्या सावकाश सुकतील, आणि त्या कोणत्या दिवशी घेतल्या ती तारीख बाटलीवर स्पष्ट लिहावी. हिवाळ्यात हे बीज तीस-चाळीस दिवस कामास येते, उन्हाळ्यात सुमारे वीसच दिवस. नैसर्गिक साथीतून नुकत्याच घेतलेल्या उग्र बीजापेक्षा एकामागून एक टोचलेल्या मुलांकडून येत येत ‘पिकलेले’ बीज अधिक सुरक्षित, हेही त्यांनी हेरले होते. बाटलीवर तारीख घालणारा तो अनाम मनुष्य मला आधुनिक लसशास्त्राचा पूर्वज वाटतो.

१७४२ मध्ये राजाज्ञेने सिद्ध झालेल्या वैद्यककोशात टोचण्याच्या चार पद्धती दिल्या आहेत. देवी आलेल्या मुलाचा अंगरखा निरोग्याला घालणे ही भरवशाची नाही, आणि ताज्या फोडातील लस वापरणे ही क्रूर, असा कोशकारांचा अभिप्राय आहे. वाळलेल्या खपल्यांची पूड चांदीच्या नळीने नाकात फुंकणे ही मध्यम, आणि ती पूड शुद्ध पाण्यात घोटून, कापसाच्या बोळ्यावर घेऊन, मुलाच्या डाव्या किंवा मुलीच्या उजव्या नाकपुडीत ठेवणे ही उत्तम. सुमारे सातव्या दिवशी ताप येई, थोड्या पुळ्या उठत, आणि मूल जन्मभराची माफी मिळवून उठे. यात जोखीम होतीच. टोचलेल्यांपैकी शंभरात एकदोन मरत. पण नैसर्गिक देवी शंभरात वीस ते तीस माणसे नेई. कांगशी सम्राटाला हा हिशेब स्वतःच्या चेहऱ्यावर वाचता येत होता : १६६१ मध्ये त्याचा पिता देवीने गेला, आणि सात वर्षांच्या आतबाहेरच्या या मुलाला गादी मिळण्याचे एक कारणच हे होते की त्याला देवी येऊन गेल्या होत्या. पुढे त्याने टोचणारे वैद्य बोलावून आपल्या मुलामुलींना, मांचू सैन्याला आणि मंगोल टोळ्यांना देवी टोचवल्या, आणि प्रथम घरातील वृद्धांनी कुरकुर केली तरी आपण निश्चय सोडला नाही, असे त्याने आपल्या वंशजांना समाधानाने सांगून ठेवले.

या चिनी रीतीची वर्णने १७०० सालीच लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पोहोचली होती, पण तेथे तिची दखल घेतली गेली नाही. इंग्लंडात टोचण्याला चालना मिळाली ती १७२१ मध्ये, तुर्कस्तानातून. बंगालमध्ये दंडावर ‘टीका’ घालणारे ब्राह्मण होते, त्यांचे सविस्तर वर्णन १७६७ मध्ये प्रसिद्ध झाले. जेन्नरने १७९६ मध्ये मनुष्याच्या देवीऐवजी गायीची देवी वापरली, आणि मग हा सारा प्रवाह उलट दिशेने पूर्वेकडे वळला. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशी मजल दरमजल करीत ती लस मुंबईला आली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. हिंदुस्थानातील गोस्तन देवीची ती पहिली यशस्वी टोचणी. तीनच वर्षांनी, १८०५ मध्ये, ती मकाव आणि कँटनला पोहोचली, आणि मुलाच्या नाकपुडीत कापूस ठेवण्याचा सराव असलेल्या लोकांना दंडावर ओरखडा काढणे पटवून देण्यास फार श्रम पडले नसावेत. १९८० मध्ये देवीच्या रोगाचे पृथ्वीवरून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने घोषित केले. दंडावर तो गोल व्रण वागवणारी पिढी अजून आपल्यात आहे.

आधुनिक काळात चिनी वैद्यकाचे ज्यामुळे सर्वांत अधिक नाव झाले, ते मलेरियावरचे औषध या पहाऱ्याच्या कल्पनेत बसत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ते शरीराला बळ देत नाही, परोपजीवीला थेट मारते. तरी त्याची हकिगत काढा आणि अंगरस यांतील भेद जाणणाऱ्या मराठी वाचकाला विशेष रुचेल. व्हिएतनामच्या युद्धकाळात, २३ मे १९६७ रोजी चीन सरकारने मलेरियावरील औषधाच्या शोधाची गुप्त योजना आखली, तिला त्या तारखेवरून ‘५२३’ असे नाव पडले. बीजिंगच्या तू यूयू या संशोधक महिलेने जुनी बाडे आणि वैद्यांचे अनुभव चाळून सुमारे २००० योग एकत्र केले. छिंगहाओ या वनस्पतीचा अर्क कधी गुणकारी ठरे, कधी निष्फळ. अखेर चौथ्या शतकातील गे होंग याच्या तातडीच्या उपचारांच्या पुस्तकातील एका योगापाशी त्या थबकल्या : मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवावा, पिळून रस काढावा आणि तो सगळा प्यावा. गे होंगने वनस्पती उकळण्यास सांगितले नव्हते. त्याने काढा सांगितला नव्हता, अंगरस सांगितला होता. तेव्हा उष्णतेने गुण नाहीसा होत असला पाहिजे, असे त्यांनी ताडले, आणि अवघ्या ३५ अंशांवर उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मधील १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांवर आणि माकडांवर पूर्ण यशस्वी झाला. पुढील वर्षी रोग्यांना देण्याआधी तो त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतः घेऊन पाहिला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जुन्या पोथीतील प्रत्येक ओळीत असे रत्न दडलेले असते अशी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये. १९९० नंतरच्या वर्षांत ब्रसेल्समध्ये वजन उतरवण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या शंभरावर रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि पुढे त्यांतील अनेकांना मूत्रमार्गाचा कर्करोग जडला. ‘फांगजी’ या एकाच नावाने दोन भिन्न वनस्पती विकल्या जातात. एक निरुपद्रवी, दुसरी ॲरिस्टोलोकिया कुळातील, आणि गोळ्यांत दुसरी गेली होती. आपल्याकडील ईश्वरी ही वनस्पतीही याच कुळातली आहे, हे आपल्या झाडपाल्याच्या भक्तांनी नीट लक्षात ठेवावे. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे समीकरण चिनी औषधीग्रंथांनी स्वतः कधी मांडलेले नाही. त्यांच्या सर्वांत जुन्या औषधीकोशात ३६५ द्रव्यांचे तीन वर्ग करून तिसऱ्या वर्गातील १२५ द्रव्ये बहुधा विषारी असून दीर्घकाळ घेऊ नयेत असे बजावले आहे. जो मनुष्य रक्त पातळ ठेवण्याचे, मधुमेहाचे किंवा अवयवरोपणानंतरचे औषध घेत आहे, त्याने आपल्या डॉक्टरला न सांगता यातले काहीही घेऊ नये.

चिनी वैद्यकाचे दुसरे अंग असलेल्या सुयांच्या उपचाराचा, म्हणजे ॲक्युपंक्चरचा, आपल्याशी एक हृद्य संबंध आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, जे १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांचे सहकारी बी. के. बसू यांनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते भारतात आणले, आणि आज महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. वेदना आणि मळमळ यांवर त्याचा उपयोग होतो असे म्हणण्यास आधार आहे. पाठदुखीच्या ११६२ रुग्णांवरील जर्मन चाचणीत नेहमीच्या उपचारांपेक्षा सुयांनी पुष्कळ अधिक रुग्णांना आराम पडला, पण शास्त्रोक्त बिंदू सोडून भलतीकडे टोचलेल्या सुयांनीही जवळजवळ तितकाच पडला. प्रतिकारशक्तीविषयी तर या सुयांच्या वतीने निश्चयाने काही सांगण्याची वेळ अजून आलेली नाही.

निश्चयाच्या थोडे जवळ जाणारा एक पुरावा मात्र अनपेक्षित दिशेने आला आहे. चीनमधील उद्यानांत पहाटे वृद्ध स्त्रीपुरुष ‘ताइची’च्या मंद, वर्तुळाकार, जणू पाण्याखाली चालल्यासारख्या हालचाली करताना दिसतात; त्यांच्या मते यामुळे वेइचा संचार अखंड राहतो. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ५९ ते ८६ वर्षे वयाच्या ११२ निरोगी माणसांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला १६ आठवडे ताइचीचा एक सोपा प्रकार शिकवला, दुसऱ्याला तितकाच काळ आरोग्यविषयक व्याख्याने दिली, आणि मग दोघांनाही कांजिण्यांची लस टोचली. कांजिण्यांचा विषाणू बालपणानंतर मज्जातंतूंत दबा धरून बसतो आणि म्हातारपणी पहारा सैल पडला की नागिणीच्या रूपाने बाहेर येतो, म्हणून ही निवड. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : ताइची करणाऱ्यांच्या रक्तातील त्या विषाणूविरुद्धची पेशीजन्य प्रतिकारशक्ती लस देण्यापूर्वीच वाढलेली होती, आणि लस दिल्यावर ती व्याख्याने ऐकणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे वर गेली. त्यांतील किती जणांना पुढे नागीण झाली नाही हे या प्रयोगाने मोजले नाही. त्याने रक्त मोजले. ताइचीला लसीची जागा देण्यात आली नव्हती, आणि लसीला ताइचीची. दोन्ही एकाच दंडाला, एकाच म्हातारपणाला मिळाली होती.